बूड, बकेट आणि बाकीचं

गाडी घेताना आपण सगळ्यात कमी काय बघत असू, तर सीट. ॲव्हरेज किती, डिकी केवढी, टचस्क्रीन किती इंची, सनरूफ आहे का, यावर घरात महिनाभर चर्चासत्रं झडतात. सीटवर मात्र शोरूममध्ये दोन मिनिटं टेकून "हं, ठीक आहे" म्हणतो आणि पुढची आठ-दहा वर्षं रोजचे दोन तास तिच्यावर काढतो. मग कधीतरी कंबर बोलायला लागते. कंबर बोलायला लागली की माणूस उपाय शोधायला लागतो. आणि माणूस आमच्या जमातीतला, म्हणजे सॉफ्टवेअरवाला असेल, तर तो रात्री दोन वाजेपर्यंत जागून शोधतो आणि शेवटी एका निष्कर्षाला येतो: रेसिंग सीट!

या निष्कर्षामागचं तर्कशास्त्र वरवर बघता बिनतोड आहे. रेसिंगवाले तीनशेच्या स्पीडने दोन-दोन तास गाडी हाणतात. त्यांची सीट वाईट असून कशी चालेल? ज्या अर्थी जगातले सगळ्यात महागडे ड्रायव्हर तिच्यावर बसतात, त्या अर्थी ती जगातली सगळ्यात आरामशीर सीट असणार. आणि गंमत म्हणजे यातलं अर्धं बरोबर आहे. पूर्ण चुकीचा विचार लगेच पकडता येतो, अर्धा बरोबर असलेला पैसे खर्च होईपर्यंत कळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच कटू शकतील. रेसिंग सीट आरामशीर असते, पण ती तुमच्या मापाची असेल तरच, आणि ज्या कामासाठी बनवली त्या कामात. रोजच्या गाडीत खरी, फिक्स पाठीची बकेट सीट बसवू नये. आणि बसवायचीच असेल तर सीट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पट्टा, एअरबॅग आणि चार बोल्ट हा खरा प्रश्न आहे.

आता सविस्तर.

आराम म्हणजे मऊपणा, हे आपल्या डोक्यात सोफासेटने घालून ठेवलंय. फॉर्म्युला वनच्या सीटला फोम जवळजवळ नसतोच. ती कार्बन फायबरची एक टरफलासारखी गोष्ट असते. पण ती बनवतात कशी ते बघा. ड्रायव्हरला गाडीच्या सांगाड्यात एका पिशवीवर बसवतात. पिशवीत थर्माकोलसारखे बारीक मणी आणि रेझिन. तो नीट रेलून बसतो, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर, आणि ते मिश्रण त्याच्या पाठीच्या आकारात घट्ट होतं. मग त्या साच्यावरून स्कॅन करून सीट बनते. थोडक्यात, शिंप्याकडे मापाचे कपडे शिवतात तशी सीट. आराम येतो तो मापातून. अंगाचा भार मोठ्या क्षेत्रावर सारखा पसरला की कुठेच टोचत नाही, मग खाली कार्बन का असेना. हीच सीट त्याच टीममधल्या दुसऱ्या ड्रायव्हरला दिली तर तो चार लॅपमध्ये बोंब मारेल.

दुकानात मिळणारी बकेट सीट मात्र रेडिमेड असते. कोणाच्या तरी सरासरी अंगावर बेतलेली, आणि बरेचदा तो 'कोणीतरी' जर्मन किंवा इटालियन असतो. १९६३ मध्ये स्टुटगार्टच्या रॉयटर या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने आपला बॉडीचा कारखाना पोर्शेला विकला आणि उरलेल्या मंडळींनी सीटवर लक्ष केंद्रित केलं. 'रॉयटर' आणि 'कारोसेरी' यांची पहिली अक्षरं जोडून रेकारो झालं. इटलीत ओएमपी १९७३ चं, स्पार्को १९७७ चं. सगळी मातब्बर नावं. पण नाव कितीही मोठं असलं तरी तुमच्या कंबरेचा घेर त्यांना माहीत नसतो. हे म्हणजे कोणाचं तरी उत्तम कोड आपल्या रिक्वायरमेंट न बघता कॉपी-पेस्ट करण्यासारखं आहे. कंपाइल होतं. चालत नाही.

पुढचा मुद्दा बाजूच्या त्या उंच कडांचा. त्या कशासाठी असतात? गाडी वळणावर असताना अंग बाहेर फेकलं जातं, ते धरून ठेवायला. हिशोब सोपा आहे. ट्रॅकवर चांगल्या टायरची गाडी वळणावर साधारण १ जी इतका आडवा जोर निर्माण करते. ७० किलोच्या माणसाला म्हणजे ७० किलोचा आडवा रेटा. सीटने तो पेलला नाही तर ड्रायव्हर काय करतो? स्टिअरिंगला लोंबकळतो, गुडघा दाराला टेकवतो, डावा पाय फूटरेस्टवर रोवतो. म्हणजे जे हात गाडी वळवायला हवेत ते स्वतःला सावरण्यात खर्च होतात. तिथे बकेट सीट म्हणजे खराखुरा आराम, कारण स्नायूंचं काम ती करते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर कोणी वीस मिनिटांचं सेशन करणार असेल तर त्याने बकेट सीट जरूर घ्यावी, माझा संपूर्ण पाठिंबा आहे.

पण आपण रोज जे चालवतो त्यात आडवा जोर ०.२-०.३ जी च्या वर क्वचित जातो. सत्तर किलोच्या माणसाला पंधरा-वीस किलोचा रेटा. तेवढ्याला साध्या सीटच्या बुटक्या कडा पुरतात. खंबाटकी घाटात ०.३ च्या पुढे जात असाल तर तुम्हाला सीटची नाही, समज देण्याची गरज आहे :-)

(ऑफिसात हल्ली रेसिंग सीटसारख्या दिसणाऱ्या खुर्च्या असतात, लाल-काळ्या, कानाशी पंख असलेल्या. मला आजवर कळलेलं नाही की ज्या खुर्चीला वळणच घ्यायचं नाही तिला बाजूच्या कडा कशाला! स्टँडअप मीटिंगमध्ये कोणावर १ जी चा जोर पडलेला मी तरी पाहिलेला नाही. असो.)

आता पाठ. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये आल्फ नाकेमसन या हाडांच्या डॉक्टरने माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून थेट दाब मोजला होता. टेकू न घेता बसलं की उभं राहण्यापेक्षा चकतीवर जास्त दाब येतो, असं त्याला आढळलं. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या अशाच मोजणीत सैलसर बसण्याचे आकडे तितके वाईट निघाले नाहीत. पण एका गोष्टीत ही संशोधनं जुळतात: पाठ थोडी मागे रेलली की दाब कमी होतो. १९७४ मध्ये स्वीडनमधल्याच प्रयोगांत हेही दिसलं होतं की कंबरेच्या खोलगट भागाला आधार मिळाला तर आणखी फरक पडतो. म्हणजे आपल्याला हवंय काय? रेलण्याचा कोन बदलता यावा आणि कंबरेचा आधार कमीजास्त करता यावा. आणखी एक गोष्ट डॉक्टर सांगतात ती म्हणजे एकाच पोझमध्ये फार वेळ बसू नका, थोडं थोडं हलत राहा.

फिक्स बकेट सीटमध्ये नेमकं यातलं काय मिळतं? बूड आणि पाठ यांच्यातला कोन साच्यातच ओतलेला. हार्डकोड! अख्खी सीट पुढे-मागे कलवता येते, पण मग मांडीही सोबत वर-खाली होते. कंबरेचा आधार म्हणजे आत सरकवायची एखादी उशी. आणि हलणं? ते होऊ नये म्हणूनच तर ती बनवलीय. पाठदुखीवर उपाय म्हणून माणूस अशी सीट निवडतो जिचा मूळ उद्देशच त्याला हलू न देणं हा आहे!

रस्त्याचंही बघा. उभ्या दिशेने बसणाऱ्या कंपनांपैकी साधारण ४ ते ८ हर्ट्झची कंपनं बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास देतात, कारण आपला धड नावाचा प्रकार त्याच पट्ट्यात डोलतो. साध्या सीटमधला जाड फोम, स्प्रिंगा, खालची जाळी हा सगळा मिळून एक फिल्टर असतो. खडखडाटाचा वरचा भाग तो गाळून टाकतो. बकेटमध्ये फायबरग्लासच्या कवचावर बोटभर फोम. ट्रॅक गुळगुळीत असतो म्हणून तिथे भागतं. आपल्याकडे पावसाळ्यानंतर रस्ता कसा असतो ते मी सांगायला नको. शिवाय सीट जमिनीला घट्ट बोल्टने आवळलेली. जे खाली घडेल ते वर कळणारच.

क्लचची गोष्ट तर कोणी सांगतच नाही. बकेटची पुढची कड मुद्दाम उंच असते, ब्रेक मारल्यावर माणूस पुढे घसरू नये म्हणून. ट्रॅकवर एका लॅपमध्ये मोजके गिअर बदलतात. बाणेरहून हिंजवडीला जाताना क्लच किती वेळा दाबता ते एकदा मोजा. प्रत्येक वेळी मांडीची मागची बाजू त्या कडेवर दाबली जाते. उंची पाच-साडेपाच फुटांच्या आसपास असेल तर अजूनच. आणि हो, आई किंवा सासूबाईंना शेजारच्या बकेट सीटमध्ये बसवून बघा. बसतील कशाबशा. उठवायला दोन माणसं लागतील आणि त्यावर वर्षभर ऐकावं लागेल ते वेगळं.

इथपर्यंत झालं ते सगळं गैरसोयीचं. आता जिवाचं बोलू.

गाडीची सीट ही नुसती खुर्ची नाही, ती सेफ्टी सिस्टिमचा एक मॉड्यूल आहे आणि तिला बरेच इंटरफेस आहेत. बऱ्याच गाड्यांत पट्ट्याचं बकल सीटच्याच सांगाड्याला जोडलेलं असतं. बाजूची एअरबॅग सीटच्या कडेत शिवलेली असते, आणि ती ठरावीक शिवण फाडूनच बाहेर येते. शेजारच्या सीटखाली माणूस बसलाय का ते सांगणारा सेन्सर असतो. सीट किती उंचीवर, डोकं कुठे, पट्टा खांद्यावरून कुठून येतो, हे सगळं धरून समोरच्या एअरबॅगचं गणित बसवलेलं असतं. सीटची नांगरणी आणि पट्ट्याचे बिंदू ओढून-ताणून तपासल्याशिवाय मॉडेलला मंजुरी मिळत नाही. पुणेकरांना 'एआरएआयची टेकडी' संध्याकाळी फिरायला जायची जागा म्हणून माहीत असते, पण त्या टेकडीवरची ती संस्था १९६६ पासून अशाच तपासण्यांचं काम करते.

माझ्या एका सहकाऱ्याने पाठीसाठी म्हणून ड्रायव्हरची सीट काढून बकेट बसवून घेतली. गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा. दुकानदार म्हणाला, "काळजी करू नका साहेब, दहा मिनिटांत घालवतो." आणि खरंच घालवला. मला गाडी दाखवताना हा कौतुकाने म्हणाला, "अरे, वीस रुपयांचा रेझिस्टर लावला रे फक्त!" म्हणजे बाजूची एअरबॅग जिथे जोडलेली होती त्या वायरीत एक रेझिस्टर. गाडीच्या कंप्युटरला वाटतं एअरबॅग जागेवर आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी एक्सेप्शन पकडून कॅच ब्लॉक रिकामा सोडला. किंवा टेस्ट फेल होतेय म्हणून टेस्टच डिलीट केली. ऑफिसात कोणी असं केलं तर आपण कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढतो. इथे मात्र तेच करणाऱ्याला पैसे देऊन वर "भारी काम करतो हां" म्हणून चार जणांना नंबर दिला जातो. सर्व्हर पडला तर रीस्टार्ट करता येतो. इथे रिकामा कॅच ब्लॉक एका बरगडीच्या शेजारी आहे. मी त्याला हे असंच सांगितलं. आठवडाभर तो माझ्याशी धड बोलला नाही. पण पुढच्या महिन्यात मूळ सीट परत लागली.

पट्ट्याचंही तेच. गाडीचा मूळ पट्टा मांडीवरून जाताना कंबरेच्या दोन्ही हाडांवर घट्ट बसायला हवा. बकेटच्या उंच कडांवरून तो गेला की मध्ये पोकळी राहते, आणि धडकेत पट्टा हाडावरून निसटून पोटावर येतो. एफआयएचा नियम तर स्पष्ट आहे: मांडीचे पट्टे सीटच्या कडांवरून न्यायचे नाहीत, सीटच्या भोकांतून न्यायचे. मग लोक म्हणतात, हार्नेस लावू. चार-पॉइंटवाला. त्यात पायांमधला पट्टा नसतो, त्यामुळे धडकेत खांद्याचे पट्टे कंबरेच्या पट्ट्याला वर खेचतात आणि माणूस खालून सरकतो. बरं, पाच किंवा सहा पॉइंटचा लावला, तर धड सीटला जखडलं जातं पण डोकं मोकळं. रेसिंगमध्ये म्हणूनच मान धरणारं उपकरण वापरतात. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून ते सक्तीचं आहे. आणि गाडी उलटली, छत खाली दबलं, तर जखडलेला माणूस बाजूला झुकूही शकत नाही. म्हणून हार्नेससोबत रोल केज. केज आला की रोजच्या वापरात हेल्मेट नसलेलं डोकं त्या लोखंडी पाइपवर आपटायची सोय. कळ्ळं का? एक डिपेंडन्सी बदलली की तिच्या मागे सगळी लाइन येते. रेसिंग सीट एकटी येतच नाही, ती अख्खं बिऱ्हाड घेऊन येते.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदलांना आडवं येतं, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठामपणे सांगितलं, आणि २०१९ च्याच दुरुस्तीत परवानगी नसलेल्या बदलामागे मालकाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. काम करण्याआधी आरटीओ आणि इन्शुरन्स कंपनी या दोघांनाही लेखी विचारा. अपघातानंतर विचारणं महाग पडतं.

एवढं सांगूनही ज्यांची गाडी खरोखर ट्रॅकसाठी वेगळी ठेवलेली आहे, त्यांनी सीट कशी निवडावी?

एक, माप घ्या. कडक बाकावर बसा, दोन्ही बाजूंनी कंबरेला जाड पुस्तकं टेकवा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. रेसिंग सूट घालणार असाल तर तो घालूनच. पुस्तकातल्या साइजवर न जाता सीटच्या आतली रुंदी विचारा. घट्ट हवी, पण हाडावर दाब नको.

दोन, विकत घेण्याआधी निदान अर्धा तास बसा. मागच्या खिशातलं पाकीट काढून. पाच मिनिटांत सगळ्याच सीट चांगल्या वाटतात. विसाव्या मिनिटाला खरं काय ते कळतं: कुठे मुंग्या येतात, खांद्याचे पंख हात उचलताना आडवे येतात का.

तीन, गाडीत बसून तपासा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. हेल्मेट घालून छताला डोकं लागता कामा नये. डोक्याशी पंख असलेली सीट असेल तर आरसे दिसतात का ते बघा.

चार, एफआयएचं लेबल आणि त्यावरची तारीख. ८८५५-१९९९ या मानकाची सीट बनवल्यापासून ५ वर्षं धरतात, ८८६२-२००९ ची १० वर्षं. हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे 'सेम टू सेम, अर्ध्या किमतीत' असं कोणी म्हणालं की तिथून निघा. धडक खाल्लेली जुनी सीटही नको, फायबरच्या आतली चीर डोळ्यांना दिसत नाही.

पाच, बसवणी. चार बिंदू, किमान ८ मिलिमीटरचे बोल्ट, जमिनीखाली मजबुतीची पट्टी. हे रेसचे नियम आहेत आणि त्यामागे लोकांचे जीव आहेत. कुठल्याही वेल्डरने कापलेल्या पट्टीवर आपला जीव ठेवू नका.

आणि बाकीच्या आपल्यासारख्यांनी? आधी आहे ती सीट नीट लावा. खरंच सांगतो, बहुतेकांची सीट चुकीची लावलेली असते. पाठ १०० ते ११० अंशांत, बूड पार मागे खेटलेलं, मांडीला आधार, डोक्याचा टेकू डोक्याच्या वरच्या टोकाला. कंबरेला आधार नसेल तर टॉवेलची छोटी गुंडाळी करून बघा, रुपयाही लागत नाही. तासा-दीड तासाने थांबून चार पावलं चाला. एक्सप्रेसवेवर त्यासाठीच तर फूड मॉल आहेत (वडापाव हा साइड इफेक्ट समजा). तरीही दुखलं तर सीटवाल्याकडे न जाता हाडांच्या डॉक्टरकडे जा. आणि पुढची गाडी घेताना सनरूफला दिलेला अर्धा वेळ सीटला द्या. कोन, उंची आणि कंबरेचा आधार, तिन्ही बदलता येणारी सीट ज्या व्हेरियंटमध्ये असेल ते घ्या, आणि टेस्ट ड्राइव्ह पाऊण तासाची मागा. सेल्समन कुरकुर करेल. करू दे, कंबर त्याची नाही.

रेसिंग सीटबद्दल मला प्रेमच आहे. पण ज्या गोष्टीवर प्रेम आहे ती तिच्या जागी शोभते. पैठणी नेसून कोणी मॅरेथॉन धावत नाही, त्यात पैठणीचा काय दोष?

बाकी, आत्ता हे वाचताना कसे बसला आहात? सरळ व्हा जरा.